कोकणातलं स्टेशन: आधी छप्पर, मग कमान

जांभ्याचा चिरा

देशभर स्टेशनांचा कायापालट चालला आहे. भोपाळचं राणी कमलापती २०२१ मध्ये खुलं झालं, बंगळुरूचं विश्वेश्वरय्या टर्मिनल २०२२ मध्ये, अयोध्या धाम २०२३ च्या अखेरीस. ६ ऑगस्ट २०२३ ला तर अमृत भारत योजनेत एकाच दिवशी ५०८ स्टेशनांची पायाभरणी झाली. हे वारं आपल्याकडेही पोचलंय. चांगलंच आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या स्टेशनांची जी संकल्पचित्रं फिरतात, त्यांत एक गोष्ट मला कायम खटकते. त्यांत पाऊस कधीच नसतो. आभाळ निळं, झाडं हिरवीगार, माणसं गोरी आणि प्रत्येकाच्या हातात चाकांची बॅग.

मी सिंधुदुर्गात घरं बांधतो. स्टेशन कधी बांधलेलं नाही, पण छपरांशी रोजचा संबंध आहे. म्हणून माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच. कोकणात स्टेशन म्हणजे मुळात छप्पर. कमान, भित्तिचित्रं, सेल्फी पॉइंट, रोषणाई हे सगळं त्याच्यानंतर.

हिशोब साधा आहे. जुलैतला पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. समजा ४५ अंशांत आला, तर छपराची कडा जमिनीपासून जितकी वर, तितका पाऊस आत. कडा पाच मीटरवर असेल तर खालचे पाच मीटर भिजणार. आता आपल्या लहान स्टेशनांचे प्लॅटफॉर्म किती रुंद असतात ते डोळ्यांसमोर आणा. छप्पर आहे आणि माणूसही चिंब आहे, असं का होतं ते लगेच कळेल. त्यात आपला मार्ग दक्षिणोत्तर आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे झड बहुतेक ठिकाणी प्लॅटफॉर्मला आडवीच बसते.

जुन्या घरांत हा प्रश्न वळचण खाली ओढून सोडवलेला होता. पडवीत शिरताना उंच माणसाला मान लववावी लागते, ते सुताराने माप चुकवलं म्हणून नव्हे. आणि पाऊस तोंडावर आला की पडवीला झाप बांधायचे, म्हणजे उरलीसुरली झडही बाहेर.

याउलट प्लॅटफॉर्मवरचं नेहमीचं छप्पर बघा. मधे खांबांची एक रांग आणि दोन्ही पाखं बाहेरच्या बाजूला वर उचललेली. फुलपाखरू म्हणतात त्याला. घराच्या बरोब्बर उलटं. पाणी मधल्या पन्हळीत जमतं आणि खांबालगतच्या पाइपातून खाली येतं. पन्हळीत पालापाचोळा आणि कावळ्याच्या घरट्यातल्या काटक्या अडकल्या की सगळं पाणी खांबाशी बदाबदा ओततं, आणि बाकडं नेमकं तिथेच ठेवलेलं असतं. आडव्या पावसाला दोन्ही बाजूंच्या उंच कडा मोकळ्या आहेतच.

हा दोष फक्त आपल्याकडे आहे असं नाही. लिस्बनचं ओरिएंते स्टेशन आर्किटेक्ट सांतियागो कालात्रावाने १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं. पोलाद आणि काचेच्या झाडांची राईच उभी केली आहे, फोटो बघत राहावा असं. पण ते छप्पर इतकं उंच आणि बाजूंनी इतकं उघडं आहे की वारा-पाऊस प्लॅटफॉर्मवर खुशाल फिरतो, ही तक्रार जुनी आहे. त्याच गृहस्थाचं न्यूयॉर्कचं ओक्युलस स्टेशन २०१६ मध्ये उघडलं. खर्च सुमारे चार अब्ज डॉलर. त्याच्या माथ्यावरची उघडझाप होणारी काचेची पट्टी दोन-तीन वर्षांत गळायला लागली. लिस्बनला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्याकडे जुलैच्या एका महिन्यात सहज पडतो. तेव्हा अशा चित्रांवर भाळण्याआधी थोडा विचार व्हावा.

तुमच्या स्टेशनात पावसाळ्यात काय होतं ते लिहा. राजकारण नको, हात जोडतो.

आबोली

छान धागा. आमच्या स्टेशनाचं नाव लिहीत नाही, पण दर्शनी भाग नवा झाला तेव्हा फरशीही नवी आली. आरशासारखी चकचकीत. पहिल्याच पावसात बाबांचा पाय सरकला. नशीब, मी हात धरून होते. आता तिथे गोणपाटं अंथरतात. एवढे पैसे घालून वर गोणपाट! खडबडीत फरशी मिळत नाही का हो बाजारात?

जांभ्याचा चिरा

मिळते ना. ग्रॅनाइटच्या तुकड्यावर आगीची ज्योत फिरवून पृष्ठभाग खरबरीत करतात. साधा न घोटलेला कोटाही चालतो. पण उद्घाटनाच्या फोटोत तो मळकट दिसतो, आणि चकचकीत टाइल्समध्ये वरचे दिवे उमटतात. सगळी गोम तिथे आहे.

नेरूळकर

लेख आवडला, पण पटला नाही. ‘स्टेशन म्हणजे छप्पर’ हा फार काटकसरी विचार झाला. सिडकोने नवी मुंबईत स्टेशनं बांधली ती आठवा. रुळांच्या वर आणि बाजूला कचेऱ्या, दुकानं, इकडून तिकडे जायला रुंद भुयारी रस्ते. वाशीला स्टेशनाच्या इमारतीत लोक नोकरीला येतात. स्टेशन हा शहराचा चौक असतो, पावसापासूनचा आडोसा नुसता नव्हे.

आणि दर्शनी भागाला एवढं हिणवू नका. बोरीबंदरची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. घुमटावर प्रगतीची पुतळी, भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं. त्याची काही ‘गरज’ होती का? तरी आज ती जागतिक वारसा आहे. कोकणी माणसाने जन्मभर मुंबईचं भव्य स्टेशन बघून तोंडात बोट घालायचं आणि स्वतःच्या गावात पत्र्याची शेड गोड मानून घ्यायची? का म्हणून? आमच्या आईला कुडाळला उतरल्यावर बाहेरचं नवं आवार बघून केवढा आनंद झाला. त्या आनंदालाही काही मोल आहे.

जांभ्याचा चिरा

आईंचा आनंद मान्य, शंभर टक्के. पण बोरीबंदरचा दाखला माझ्याच बाजूने जातो. त्याचा आर्किटेक्ट स्टीव्हन्स, त्याने तिथे खोल कमानींचे व्हरांडे घेतले, उतरती छपरं घेतली. आणि ती तोंड वासलेली दगडी जनावरं! त्या घाटाच्या इमारतींत हे प्राणी मूळचे छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला बसवलेले असत. आधी पावसाची सोय, मग त्या सोयीलाच नक्षी. हल्ली आपण पत्र्याच्या शेडपुढे अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलचा मुखवटा उभा करतो, त्याच्या आत पीओपीचं खोटं छत, आणि दमट हवेने दोन पावसांत त्या छताला पिवळे नकाशे उमटतात. माझं भांडण सौंदर्याशी नाही, मुखवट्याशी आहे.

जुना आयओडब्ल्यू

मी रेल्वेत इमारतींचीच कामं पाहिली, आता निवृत्त. फुलपाखराला शिव्या घालण्याआधी त्याचीही बाजू ऐका.

घरासारखी उतरती पाखं केली तर पागोळ्या नेमक्या कुठे गळतील? डबा आणि प्लॅटफॉर्म यांच्या मधल्या फटीवर. म्हणजे गाडीत चढणाऱ्याच्या मानेत धार. कडेला पन्हळ लावली तर तिची देखभाल रुळांच्या बाजूने करायची, आणि आता वर तार आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं; २५ हजार व्होल्टच्या शेजारी शिडी लावून पालापाचोळा काढायचा तर आधी वीजप्रवाह बंद ठेवायची परवानगी लागते. मधल्या पन्हळीत हा त्रास कमी.

कडा खाली ओढा म्हणता, पण डबा रुळापासून चार मीटर उंच असतो. गाडी हलते-डुलते त्याचीही जागा मोकळी ठेवावी लागते. त्यामुळे छप्पर एक तर प्लॅटफॉर्मच्या काठापासून मागे घ्या, नाही तर डब्याच्या वर न्या. घराच्या पडवीपुढून मांडवी एक्सप्रेस जात नाही.

आणि इतिहासही विसरू नका. महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये, २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आतबाहेर. पैसा आणि जीव दोन्ही डोंगर फोडण्यात गेले. करबुडेचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच. त्यातून जे उरलं ते स्टेशनांच्या वाट्याला आलं. बहुतेक ठिकाणी मार्ग एकेरी असल्याने कित्येक स्टेशनांचं मुख्य काम समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं हेच. तेव्हा त्या काळात जे जमलं त्याला नावं ठेवू नयेत. आता सुधारायचं तर जरूर सुधारावं.

जांभ्याचा चिरा

काका, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण पागोळ्यांचा मुद्दा इतका नेमका कोणी मांडला नव्हता. सविस्तर उत्तर सवडीने देतो.

शिरोड्याचो झील

मेल्यांनो, तुमका व्हयी ती छपरा बांधा. माका एक सांगा, चतुर्थीक येतलंय तेवा माजो डबो त्या छपराखाली येतलो काय? गेल्या फावटी थेट खडयेर उतारलंय. एका हातात मखर, दुसऱ्या हातात सासू, आणि वरसून पाऊस.

आबोली

सासूला आधी उतरवलं की मखर? 😄

शिरोड्याचो झील

मखर. सासू बरी आसा, काळजी नको.

बर्लिनचा पाहुणा

झीलभाऊंनी हसत हसत मुद्द्यावरच बोट ठेवलं. इथे बर्लिनलाही हेच झालं. मुख्य स्टेशन २००६ मध्ये उघडलं. काचेचं सुंदर वळणदार छप्पर, ते मूळ आराखड्यात सुमारे ४३० मीटर होतं. फुटबॉल विश्वचषकाच्या आधी काम उरकायचं म्हणून ३२१ मीटरवर आणलं. लांब गाडी आली की टोकाचे डबे उघड्यावर, आणि बऱ्याच गाड्यांना पहिल्या वर्गाचे डबे टोकालाच असतात! जास्त पैसे भरून पावसात उभं राहायचं. खालच्या मजल्यावर आर्किटेक्टने कल्पिलेल्या कमानदार छताऐवजी सपाट छत बसवलं, त्यावरून तो कोर्टात गेला आणि पहिल्या फेरीत जिंकलाही. २००७ च्या वादळात दर्शनी भागाचा एक पोलादी बार निखळून खाली पडला ते वेगळंच. जर्मन लोक काटेकोर असतात हे ऐकून इथे आलो होतो.

कानाझावाचा शेजारी

कामानिमित्त जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ राहतो. इथेही समुद्रावरून येणारी ओल, वर्षभर पाऊस, थंडीत बर्फ. कानाझावात एक म्हण आहे, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल पण छत्री विसरू नको. २००५ मध्ये तिथल्या स्टेशनासमोर काच आणि अ‍ॅल्युमिनियमचा प्रचंड घुमट उभारला, त्यात तीन हजारांवर काचा आहेत. कल्पना अशी की गावात उतरणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यावर छत्री धरायची. घुमटापुढे लाकडी वेस आहे, तिचे पिळदार खांब पारंपरिक डमरूवजा तालवाद्यावरून घेतलेले. म्हणजे नेरूळकरांची शोभाही आहे आणि धागाकर्त्यांचं छप्परही.

पण फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की हा घुमट रुळांवर नाहीच! तो बाहेरच्या आवारावर आहे. प्लॅटफॉर्म अगदी साधे. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडून बस गाठेपर्यंतची जी जागा आपण नेहमी आभाळाखाली सोडून देतो, तिथे त्यांनी पैसा घातला. क्योटोचं स्टेशन (१९९७, आर्किटेक्ट हिरोशी हारा) जास्त गाजलेलं, आतला जिना १७१ पायऱ्यांचा, गच्चीपर्यंत जाणारा. पण त्या उंच मोकळ्या दालनात थंडीत वारा असा घुसतो की लोक चित्रं काढायचं सोडून आत पळतात.

सड्यावरचा

परदेश पुरे झाला. आमच्याकडे प्रश्न स्टेशनातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. राजापूर रोड स्टेशन कुठे आणि राजापूर गाव कुठे! रात्री दोनला उतरा आणि मग पहाटेच्या एसटीची वाट बघा किंवा रिक्षावाला सांगेल ते द्या. तेवढे तास माणसाने बसायचं कुठे? वेटिंग रूमला कुलूप. तुमचं वास्तुशास्त्र कुलपापाशी संपतं.

नेरूळकर

+१. स्टेशन गावाबाहेर असेल तर ते गावाहून जास्त स्वयंपूर्ण हवं. चहा, संडास, झोपायला बाकडं, एसटीचा थांबा छपराखाली. मी चौक म्हणालो तो हाच.

जांभ्याचा चिरा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, जरा लांबेल.

आधी झीलभाऊंचं गणित. हल्लीचा नव्या पद्धतीचा, म्हणजे एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा. २२ डब्यांची गाडी म्हणजे पाचशे मीटरच्या वर. एवढं सगळं झाकणं लहान स्टेशनाला झेपणार नाही, झाकूही नये. माझ्या मते प्लॅटफॉर्मभर सलग उंच छप्पर करण्याचा हट्ट सोडावा. काकांनी सांगितलेल्या कारणांमुळे गाडीच्या काठाशी पावसाला अडवता येत नाही, हे मान्य करून टाकू. गाडीत चढताना दोन मिनिटं भिजलं तर कोकणी माणूस विरघळत नाही. खरा त्रास गाडी दीड तास उशिरा असते तेव्हाचा आहे. त्या दीड तासासाठी बांधावं.

म्हणून प्लॅटफॉर्मवर ठरावीक अंतराने, काठापासून मागे सरकून, पडव्या बांधाव्यात. उतरतं छप्पर, कडा डोक्याच्या थोडीच वर, पाणी मागच्या बाजूला गटारात. पश्चिमेला जांभ्याची भिंत, पण बंद नाही. चिरे एकाआड एक मोकळे सोडले की वारा खेळतो आणि झड अडते. भिंतीच्या आतल्या अंगाला चिऱ्याचाच कट्टा. लोखंडी बाकडं खाऱ्या हवेत पायापासून कुजतं, कट्टा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि त्यावर आडवंही होता येतं. कुलूप लावायला दारच नाही, तेव्हा सड्यावरच्यांचा प्रश्नही अर्धा सुटला. दिवा मात्र हवा, रात्रभर.

जिथे स्टेशनाची इमारत रुळांच्या पूर्वेला आहे तिथे प्लॅटफॉर्मचं तोंड पश्चिमेला, म्हणजे झडीच्या समोर. तिथे पडवी काटकोनात वळवावी लागेल. प्रत्येक स्टेशनाला एकच नकाशा छापून चालत नाही तो यासाठी. आज होतं नेमकं उलटं. छप्पर सगळीकडे एकाच साच्याचं आणि कमान मात्र प्रत्येक गावाला वेगळी, कुठे किल्ला, कुठे आंबा, कुठे दशावतार.

आणि जपानवाल्या मित्राने सांगितलेलं सगळ्यात मोलाचं. स्टेशनाच्या दारापासून रिक्षा आणि एसटीपर्यंत झाकलेली वाट. या भागाला गाडीच्या मापाची अडचण नाही, तारेची नाही. इथे कडा हवी तेवढी खाली आणा, मंगळुरी कौलं घाला, लाकूडकाम दाखवा, नेरूळकरांच्या आईंना आवडेल असं देखणं करा. भव्यता इथे शोभेल. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि आपली रेल्वे जाते तिथवरच. मालगाडीने कौलं आणायला हरकत नाही.

आबोली

कौलं नको हो! आमच्याकडे वांदरांनी घराचं एक कौल धड ठेवलेलं नाही. दर मे महिन्यात शाकारणी, आणि हल्ली शाकारणीला माणूस मिळत नाही. शेवटी यंदा पत्रे घातले. स्टेशनावर तर वांदरांना खायलाही भरपूर.

सड्यावरचा

बरोबर. गावातली घरं कौलं काढून पत्रे घालतायत आणि स्टेशनांनी कौलं घालायची म्हणे, पर्यटकांसाठी.

जांभ्याचा चिरा

वांदरांपुढे मी हतबल आहे. खाली पत्रा आणि वर कौलं असं हल्ली करतात, म्हणजे कौल फुटलं तरी गळत नाही. पण खर्च दुप्पट. नुसता रंगीत पत्राही चालेल, मला कौलांचा सोस नाही. उतार आणि कडेची उंची बरोबर असली म्हणजे झालं. पत्र्यावर पावसाचा आवाज फार होतो आणि गाडीची घोषणा ऐकू येत नाही, तेवढ्यासाठी खाली काहीतरी अस्तर लागेल. काका, खाऱ्या हवेत पत्र्याचं काय होतं?

जुना आयओडब्ल्यू

पत्रा आधी जात नाही. आधी जातात ते पत्रा धरून ठेवणारे जे-हूक आणि त्यांच्याखालचे वायसर. हुकाला गंज चढला की भोक मोठं होतं, वायसर उन्हाने कडक होऊन चिरतं आणि तिथून थेंब सुरू होतात. मग कोणीतरी वर चढून डांबर फासतं आणि चढताना पत्रा चेपतो, की पाणी तिथेच साचतं. टेंडरमध्ये पत्र्याची जाडी, रंग, कंपनी सगळं लिहिलेलं असतं, हुकांबद्दल एक ओळ. किनाऱ्यालगत स्टेनलेसचे स्क्रू आणि चांगल्या रबराचे वायसर लिहून घ्या. सगळ्या छपराच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

तुमची पडवी मला पटली. फक्त मागचं गटार झाकलेलं ठेवू नका, उघडं ठेवा. झाकलेलं गटार मे महिन्यात कोणी साफ करत नाही, कारण तुंबलंय ते दिसतच नाही. आणि चिऱ्याच्या भिंतीला खालून दोन थर काळा दगड घ्या. जांभा पाणी पितो, ओल चढून कट्टा हिरवा होईल आणि आबोलीताईंचे बाबा पुन्हा घसरतील.

आबोली

काका, बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणतात, कट्ट्याची उंची दीड फूट ठेवा, त्याहून खाली बसलं तर गुडघे उठू देत नाहीत.

जांभ्याचा चिरा

दीड फूट लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात पडवीचं कच्चं चित्र काढून इथे टाकतो, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या इमारतीसाठी वेगवेगळं. कोणाकडे आपापल्या स्टेशनाच्या प्लॅटफॉर्मची रुंदी मोजलेली असेल तर द्या. पावलांनी मोजलेली चालेल, पण गाडी नसताना मोजा.